वर्गणी की सावड? सीमेपलीकडच्या ऊर्जा संशोधनाची पार्श्वभूमी

सोलापूरजवळच्या फताटेवाडीच्या औष्णिक केंद्रात ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. पहिला २०१७ मध्ये सुरू झाला, दुसरा २०१९ मध्ये. दोन्ही सुपरक्रिटिकल, म्हणजे दाब २२१ बारच्या वर. तिथं पाणी उकळून वाफ होणं हा प्रकारच उरत नाही. सोलापुरात या केंद्राचा विषय निघतो तो उजनीचं पाणी, राख आणि नोकऱ्या यांवरून. अशा संचाच्या वाफनळ्यांना जे पोलाद लागतं, त्याची गोष्ट कुणी काढत नाही. नऊ टक्के क्रोमियमचं हे पोलाद १९७० च्या दशकात अमेरिकेत, टेनेसीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेच्या पुढाकारानं घडलं, आणि तेही अणुभट्टीसाठी. कोळशाच्या बॉयलरमध्ये ते नंतर आलं. जपाननं त्यात टंगस्टन घालून पुढची जात काढली. युरोपातल्या देशांनी १९८० च्या दशकात मिळून टर्बाइनच्या रोटरसाठी त्याची भावंडं तयार केली.

मिळून का? अशा पोलादाचा भरवसा धरायचा तर त्याचा तुकडा ६०० अंशांच्या आसपास तापवून, ताण देऊन, तो हळूहळू किती लांबतो ते मोजत बसावं लागतं. मानक म्हणून धरतात एक लाख तास. अकरा वर्षांहून जास्त. मिश्रणं डझनावारी, प्रत्येकाचे तुकडे शेकड्यांनी. एका देशाच्या प्रयोगशाळेला हे झेपत नाही, आणि झेपलं तरी निकाल हाती येईपर्यंत मंत्री, संचालक आणि अंदाजपत्रक तिन्ही बदललेले असतात.

इथं एक गोष्ट बाजूला काढून ठेवलेली बरी. २००९ मध्ये ६६० मेगावॉटच्या अकरा संचांची एकत्रित खरेदी निघाली, सोलापूरचे दोन संच त्यातलेच. परदेशी तंत्र घेणाऱ्यांनी इथे कारखाना काढून टप्प्याटप्प्यानं देशातच बनवायचं, अशी अट होती. अट चांगलीच होती, पण याला संयुक्त संशोधन म्हणत नाहीत. तो तंत्राचा सौदा. वर्तमानपत्रात दोन्हींना सरसकट ‘सहकार्य’ म्हणतात आणि मग पुढचा सगळा गोंधळ होतो.

खऱ्या अर्थानं एकत्र संशोधन करण्याच्या दोनच रीती आजवर चालत आल्या आहेत. एकीत सगळ्यांनी पैसे एका डब्यात टाकायचे आणि त्यातून एक काम उभं करायचं. गणपतीची वर्गणी. दुसरीत पैसा ज्याचा त्याच्या घरी. प्रत्येकानं आपल्या माणसांनी, आपल्या खर्चानं ठरलेला वाटा करायचा आणि फळ सगळ्यांनी वापरायचं. याला मराठीत शब्द तयार आहे: सावड. काही गावांत पैरा म्हणतात. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी काढणीला आली की आज तुझ्या रानात दहा माणसं, उद्या माझ्या रानात दहा. हातात रुपया कुणी देत नाही, पण कुणाचा किती दिवस फिटायचा राहिला ते सगळ्यांच्या डोक्यात पक्कं असतं.

सुरुवातीच्या काळात यातलं काहीच नव्हतं, नुसता कागदांचा व्यवहार होता. १९५५ मध्ये जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापराची परिषद भरली. अध्यक्षस्थानी एक भारतीय शास्त्रज्ञ होते आणि संलयनाची, म्हणजे हलके अणू एकमेकांत मिसळून मिळणारी, ऊर्जा वीस वर्षांत ताब्यात येईल असं भाकीत त्यांनी तिथंच केलं. १९५८ मध्ये त्याच गावी संलयनावरची गुप्तता उठली. त्या काळातला लक्षात ठेवण्यासारखा प्रसंग मात्र १९६९ चा. सोव्हिएत शास्त्रज्ञ सांगत होते की त्यांच्या टोकामाक नावाच्या यंत्रात चुंबकांनी कोंडलेला विद्युतभारित वायू, म्हणजे प्लाझ्मा, कोटीभर अंशांपर्यंत तापतो. पश्चिमेत कुणाचा विश्वास बसेना. शेवटी एक छोटा ब्रिटिश गट पाच टन उपकरणं घेऊन मॉस्कोला गेला आणि ऐन शीतयुद्धात, सोव्हिएत यंत्रावर आपला लेसर लावून तापमान मोजून आला. आकडा खरा निघाला. पुढच्या काही वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांनी आपापली यंत्रं सोडून टोकामाक बांधायला घेतले.

व्यवस्थित चौकट आली ती १९७३ च्या तेलसंकटानंतर. १९७४ च्या नोव्हेंबरात पॅरिसमध्ये तेल आयात करणाऱ्या श्रीमंत देशांची ऊर्जा संस्था स्थापन झाली. तिचं मुख्य काम तेलाचे साठे आणि टंचाईतलं वाटप, पण १९७५ पासून तिच्या छत्राखाली संशोधनाचे करार होऊ लागले. कोळसा, सौर तापन, जैवइंधन असा एकेक विषय, आणि ज्याला रस त्यानं सही करायची. असे सुमारे चाळीस कार्यक्रम आज चालू आहेत. २०१५ मध्ये त्यांचं नाव बदलून सुटसुटीत केलं, काम तेच.

पहिल्या पिढीला वर्गणीचं आकर्षण होतं. स्पेनच्या दक्षिणेला, आल्मेरियाजवळच्या ताबेर्नासच्या ओसाड माळावर नऊ देशांनी वर्गणी काढून दोन सौर वीजकेंद्रं शेजारी शेजारी उभी केली. दोन्ही ५०० किलोवॉटची, दोन्ही १९८१ ची. एकात आरशांनी ऊन मनोऱ्यावर फेकायचं आणि द्रवरूप सोडियम तापवायचा. दुसऱ्यात पन्हाळीसारख्या आरशांतून तेल तापवायचं. एकाच उन्हात, एकाच धुळीत दोन रीतींची तुलना व्हावी हा हेतू, आणि तो साधलाही. १९८६ मध्ये सोडियमनं पेट घेतला. पण त्याआधीच बऱ्याच देशांचा रस आटत आला होता. तेल स्वस्त झालं होतं. स्पेन आणि जर्मनीनं ती जागा पुढे चालवली आणि आज ती जगातल्या नावाजलेल्या सौर चाचणी केंद्रांत मोडते. वर्गणी देऊन गेलेल्या बाकीच्यांकडे अहवाल राहिले. ज्याच्या दारात मांडव, त्याच्याच घरात शेवटी कनाती आणि भांडी राहतात, यात नवल नाही. तरी तेव्हापासून खजिनदार मंडळी वर्गणीला बिचकू लागली आणि बहुतेक कार्यक्रम सावडीकडे वळले.

सावडीचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात गुंतागुंतीचा नमुना म्हणजे इटर, फ्रान्समध्ये अनेक देश मिळून बांधत असलेला संलयनाचा प्रचंड टोकामाक. १९८५ च्या नोव्हेंबरात जिनिव्हाला दोन महासत्तांचे प्रमुख भेटले, त्या निवेदनातून याची कल्पना पुढे आली. १९८८ पासून आराखडे सुरू झाले. अमेरिका मध्येच बाहेर पडली, २००३ मध्ये परत आली. जागेवरून जपानचं रोक्काशो आणि फ्रान्सचं कादाराश यांच्यात दीड वर्ष रस्सीखेच चालली. जून २००५ मध्ये फ्रान्स जिंकलं आणि जपानला भरपाई म्हणून संचालकपद, जादा नोकऱ्या आणि स्वतःच्या भूमीवर एक जोड-कार्यक्रम मिळाला. भारत आला त्याच वर्षीच्या डिसेंबरात. करारावर सह्या २१ नोव्हेंबर २००६ ला पॅरिसमध्ये झाल्या. बांधणीचा ४५.४६ टक्के भार युरोपवर, उरलेल्या सहांवर प्रत्येकी ९.०९ टक्के.

आता हे ९.०९ टक्के कशाचे? पैशाचे म्हणाल तर चुकेल. वाट्याचा मोठा भाग ऐनजिनसी आहे. महसुलाच्या जुन्या मराठीतला हा शब्द इथं नेमका बसतो: नक्त नाही, वस्तू. प्रत्येक देशानं ठरलेले भाग आपल्या कारखान्यांत बनवायचे आणि फ्रान्सला पोचते करायचे. त्या भागांची किंमत धरण्यासाठी इटरनं स्वतःचं एक हिशोबी माप काढलं. एक माप म्हणजे १९८९ सालचे हजार डॉलर. कुठल्या भागाला किती मापं हे आधीच लिहून ठेवलं. मग तो भाग एखाद्या देशानं निम्म्या खर्चात बनवो की तिप्पट, खात्यावर जमा होणारी मापं तेवढीच. सावडीत बैलजोडीचा एक दिवस म्हणजे एक दिवस. कडबा महागला म्हणून दीड होत नाही. तेच हे.

या मापावर टीका पुष्कळ झाली. पहिली अशी की यंत्राची खरी किंमत कुणालाच सांगता येत नाही. २०१८ मध्ये इटर २२ अब्ज डॉलरच्या आसपासचा आकडा सांगत होतं, तर अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज ६५ अब्जांचा. हे तीन पटींचं अंतर म्हणजे नुसती लबाडी किंवा नुसती चूक नव्हे. सात घरांचे चुलीवरचे खर्च एका वहीत येत नाहीत, एवढंच. चीनमधल्या वेल्डरचा पगार आणि अमेरिकेतल्या वेल्डरचा पगार कुठल्या दरानं जोडायचा?

दुसरी टीका जास्त बोचणारी आहे. प्रत्येकाला सगळं शिकायचं होतं, म्हणून एकाच जातीचे भाग मुद्दाम वाटून दिले. मोठ्या उभ्या चुंबकांची वेटोळी युरोप आणि जपानमध्ये. त्यांच्या अतिवाहक, म्हणजे विजेला रोध न करणाऱ्या, तारा, एकूण लाखभर किलोमीटर, सहा भागीदारांकडे. प्लाझ्मा ज्यात राहायचा त्या निर्वात पात्राच्या नऊ फाका युरोप आणि कोरियात. व्हायचं ते झालं. फाका पोचल्या तेव्हा जोडाच्या कडा ठरल्या मापात बसेनात. शिवाय २०२२ मध्ये उष्णतारोधक पडद्याच्या थंडाव्याच्या नळ्यांत भेगा सापडल्या. बसवलेला भाग परत उचलून काढावा लागला. एकाच कारखान्याला सगळं दिलं असतं तर हे टळलं असतं, असं आज म्हणणारे खूप आहेत.

मला मात्र ही वाटणी मूर्खपणाची वाटत नाही. करारानुसार निर्माण होणारं ज्ञान सगळ्यांना सारखं मिळतं, मग हातानं करायचा अट्टहास कशाला, असं विचारणाऱ्यानं एकदा अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत चक्कर टाकावी. सोलापुरी चादरीचा जकार्डचा नमुना कुणीही उतरवून नेतो, बाहेरगावी तशी चादर निघतेही, पण ताणा किती ओढून बांधायचा हे कागदावर येत नाही. भारताच्या वाट्याला इटरचं बाहेरचं अजस्र पात्र आलं: ३,८५० टन स्टेनलेस पोलाद, सुमारे तीस मीटर उंच, तितकंच रुंद. एवढं एकसंध नेणारं जहाज नाही आणि रस्ताही नाही. गुजरातेत हजिऱ्याला त्याचे चौपन्न तुकडे बनवले आणि ते फ्रान्समध्ये नेऊन सांधले. तळाचा भाग मे २०२० मध्ये, करोनाच्या साथीतच, खड्ड्यात उतरवला गेला. त्या जाडीचं, त्या काटेकोरपणाचं वेल्डिंग करणारे हात आज देशात आहेत. वर्गणीच्या रीतीत ते मिळाले नसते. आणि गंमत पाहा, त्याच काळात भारताची थोडी जी रोख वर्गणी होती ती थकल्याच्या बातम्या येत होत्या. वस्तू वेळेवर, नक्त उशिरा.

इटरपलीकडे भारताचा प्रवेश उशिराचाच. पॅरिसच्या त्या संस्थेत पूर्ण सदस्यत्व श्रीमंत देशांच्या संघटनेत असल्याशिवाय नाही, त्यामुळे भारत २०१७ मध्ये ‘सहयोगी’ झाला. त्याआधी अमेरिकेशी जोडकाम सुरू झालं होतं: सौर, इमारतींतली बचत आणि जैवइंधन असे तीन गट, २०१२ पासून पाच वर्षं. प्रत्येक सरकारचे अडीच कोटी डॉलर, पण अमेरिकेचे पैसे अमेरिकी प्रयोगशाळांना, भारताचे भारतीय संस्थांना. पुन्हा सावडच. सौर गटाची धुरा एका बाजूनं कोलोरॅडोतली प्रयोगशाळा आणि दुसऱ्या बाजूनं बंगळूरची जुनी विज्ञान संस्था यांच्याकडे होती. त्यांनी हाती घेतलेल्या विषयांत काचेवर बसणारी धूळ आणि उष्ण हवेत पॅनेल किती टिकतं, हेही होते.

हे विषय आधी कुणी का घेतले नव्हते, ते आमच्या गच्चीवर कळतं. पॅनेलच्या पाठीवर चिकटपट्टी आहे. तिच्यावरचा वॉटचा आकडा पेशी २५ अंशांवर असतानाचा. आंतरराष्ट्रीय प्रमाण चाचणीच तशी आहे. सोलापूरच्या मे महिन्यात हवाच त्रेचाळीस-चव्वेचाळीस असते आणि दुपारी पॅनेल सहज पासष्टवर जातं. सिलिकॉनचं पॅनेल दर अंशाला साधारण ०.४ टक्के गमावतं. चाळीस अंश जास्त, म्हणजे सोळा टक्के गेले. वर धूळ आणि मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा भुरका. पहाटे पाण्याची बादली आणि जुना टॉवेल घेऊन मी वर जातो, तेव्हा टॉवेल पहिल्या पुसण्यातच राखाडी होतो. २५ अंशांचा आकडा ठरवताना कुणी सोलापूरचं वाईट चिंतलं नव्हतं. तुलनेसाठी एक आकडा हवा होता, आणि प्रयोगशाळेत २५ अंश राखणं सोपं. ज्या टेबलाभोवती हे ठरलं तिथं तापलेल्या गच्चीवाले कमी होते, इतकंच. ज्याचा बैल सावडीत नाही, त्याच्या रानाचा नंबर लागत नाही.

२०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर रशियाशी असलेले बरेच वैज्ञानिक करार युरोपनं मोडले. इटर मोडलं नाही. रशियाच्या वाट्याचं चुंबकाचं आडवं वेटोळं दुसरं कुणी बनवत नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सेंट पीटर्सबर्गहून ते बोटीत चढलं आणि पुढच्या वर्षी फ्रान्सला पोचलं. जुलै २०२४ मध्ये नवं वेळापत्रक आलं: संशोधनाला सुरुवात २०३४ मध्ये, खऱ्या इंधनासह २०३९ मध्ये. हजिऱ्यात घडलेल्या पात्राचं वरचं नळकांडं आणि झाकण आतलं यंत्र जुळून पूर्ण झाल्याशिवाय बसवता येत नाही. त्या पात्राचे भाग घडवण्याचं भारताचं काम झालेलं आहे. झाकण अजून लागायचं आहे.