माहिती अधिकाराचा अर्ज नेमका कुठे अडकतो

अर्ज तसा सोपा आहे. जोडपत्र ‘अ’ हा अर्जाचा छापील नमुना भरा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, मात्र दाखल्याची प्रत जोडावी लागते.

घोडं अडतं ते मजकुरात. ‘आमच्या गल्लीतला रस्ता सहा महिन्यांत का उखडला?’ असं विचारलंत की उत्तर ठरलेलं: ‘माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ राग येतो, पण इथे अधिकारी चुकत नाही. २००५ चा हा कायदा दप्तरात असलेला कागद देतो, खुलासा देत नाही. त्याच रस्त्याचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं आणि अदा केलेली बिलं मागा. ‘का’चं उत्तर बहुतेकदा त्यातच असतं. महाराष्ट्रात एका अर्जात विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांत, हेही विसरू नका.

दुसरी अडचण ‘वैयक्तिक माहिती’ची, कार्यालयांच्या बोलीत ‘आठ एक जे’, म्हणजे अशी माहिती नाकारू देणारं कलम ८(१)(जे). या कलमातच असलेला जनहिताचा अपवाद २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने काढला आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू झालं. आता नाव दिसलं की फाइल बंद करायला आयतं निमित्त मिळालंय. पण कलम ८(२) शाबूत आहे: गुप्ततेपेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. ते जनहित कोणतं, हे अर्जातच दोन ओळींत लिहा. शिवाय कलम १० प्रमाणे गोपनीय भाग झाकून उरलेला कागद मागता येतो. हे फार कमी लोक मागतात.

आणि तारखा! ३० दिवसांत उत्तर नाही म्हणजे नकारच धरायचा. पानामागे २ रुपये भरा असं पत्र आलं तर पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस त्या ३० मध्ये धरत नाहीत, तेव्हा लगेच भरा. १ जूनला दिलेल्या अर्जाची मुदत १ जुलैला संपते आणि पहिलं अपील, म्हणजे त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे दाद, ३१ जुलैपर्यंत करायचं असतं. एक आजोबा ‘पुढच्या सोमवारी या’ ऐकत ऑगस्टपर्यंत खेटे घालत राहिले. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण ‘साहेब या म्हणाले’ याचा कागद त्यांच्याकडे कुठला असणार?