फेज बांधायची की ताडायची

लांब पल्ल्याच्या फायबर लिंक आज सर्रास 'कोहेरंट' म्हणवतात. शब्द रेडिओतून आला. तिथे त्याचा अर्थ काटेकोर होता: रिसीव्हरमधला ऑसिलेटर, म्हणजे स्वतःची लहर निर्माण करणारा भाग, येणाऱ्या कॅरियरच्या (संदेश वाहणाऱ्या लहरीच्या) फेजला, म्हणजे लहर चक्राच्या कुठल्या कोनात आहे त्याला, फीडबॅक लूपने बांधलेला हवा.

1980 च्या दशकात हेच प्रकाशावर करून पाहिलं गेलं, तेही मुख्यतः संवेदनशीलतेसाठी. रिसीव्हरमधल्या म्हणजे 'लोकल' लेसरच्या प्रकाशात मिसळला की क्षीण सिग्नल वर येतो. मात्र 193 टेराहर्ट्झच्या दोन लेसरांना एकमेकांशी जखडून ठेवणं भलतंच नाजूक काम होतं. 1987 मध्ये क्षीण प्रकाश थेट वाढवणारा अर्बियमचा फायबर अॅम्प्लिफायर पुढे आला आणि एवढ्या खटाटोपाचं कारणच उरलं नाही. पुढे वर्षानुवर्षं दिवा चालू-बंद करण्यावर सेकंदाला 10 गिगाबिटपर्यंत सुखाने भागलं.

40 गिगाबिटला भागेना. वेग चौपट झाला की डिस्पर्शन, म्हणजे फायबरमध्ये पल्स पसरत जाणं, सोसण्याची ताकद सोळापटीने घटते. मधल्या काळात आधीच्या सिम्बॉलशी (सिम्बॉल म्हणजे सिग्नलचा एक ठोका) तुलना करणारं डिफरन्शियल मॉड्युलेशन वापरून पाहिलं गेलं. खरी कलाटणी मिळाली ती 2005 च्या आसपास.

तेव्हाच्या प्रयोगांनी लूप काढूनच टाकला. लोकल लेसर मोकळा सोडायचा, तो सिग्नलच्या फ्रीक्वेन्सीच्या जवळपास असला की पुरे. दोन्ही पोलरायझेशनचे (प्रकाशकंपनाच्या परस्परांना काटकोनातल्या दोन दिशांचे) आय आणि क्यू, म्हणजे 90 अंशांच्या फेजफरकाचे दोन घटक, एडीसीने (सिग्नलचे आकडे करणाऱ्या कन्व्हर्टरने) उचलायचे आणि फेज किती सरकली ते नंतर गणिताने ताडायचं. युक्ती नवी नव्हती, 1983 मध्ये ती तुटक बर्स्टमधल्या डिजिटल प्रसारणासाठी मांडली गेली होती. क्यूपीएसके या चार फेजांच्या मॉड्युलेशनचे चार कोन 45, 135, 225 आणि 315 अंश. प्रत्येकाला चारने गुणा, सगळे 180 वर येऊन बसतात. म्हणजे सिम्बॉलचा चौथा घात घेतला की डेटा पुसला जातो आणि उरते फक्त लेसरची भटकंती, तीही चौपट. शेजारच्या काही सिम्बॉलांची सरासरी काढून चारने भागायचं, झालं.

आता याला कोहेरंट म्हणायचं का? जुन्या व्याख्येने नाही, कारण इथे बांधलेलं काहीच नाही. या मधल्या पद्धतीला 'इंट्राडाइन' असा नेमका शब्द 1990 च्या दशकापासून उपलब्ध होता. होमोडाइनमध्ये फ्रीक्वेन्सी तंतोतंत जुळते, हेटरोडाइनमध्ये मुद्दाम दूर ठेवतात, इंट्राडाइनमध्ये फरक उरतो पण सिग्नलच्या बँडविड्थच्या आत. तरी माहितीपत्रकांत 'कोहेरंट'च रुजला. त्यामुळे श्रेय लेसरला जातं. माझ्या मते ते एडीसीचं आणि हे गणित करणाऱ्या चिपचं आहे. 2008 मध्ये 40 गिगाबिटचं व्यापारी उपकरण आलं ते अशी चिप जमली म्हणूनच. पाठोपाठ आलेल्या 100 गिगाबिटला साधारण 28 ते 32 गिगाबॉड (सेकंदाला तितके अब्ज सिम्बॉल) पुरले, कारण दोन पोलरायझेशन धरून एका सिम्बॉलमागे चार बिट जातात. डिस्पर्शनही चिपमध्येच निस्तरू लागलं.

चौथ्या घाताची किंमत मात्र मोजावी लागते. चारने भागताना उत्तर 90 अंशांच्या पटीत संदिग्ध राहतं. गोंगाटात अंदाज एकदा 90 अंशांनी घसरला, म्हणजे सायकल स्लिप झाली, की पुढचा सगळा डेटा चुकीचा. माहिती लागोपाठच्या सिम्बॉलांच्या फरकात ठेवणाऱ्या डिफरन्शियल कोडिंगने हे टळतं, पण एका चुकीच्या दोन होतात. ठरावीक अंतराने ओळखीचे पायलट सिम्बॉल पेरले तर ती दुप्पट टळते, काही क्षमता मात्र त्यांत खर्च होते. यावर बराच वाद झाला. सॉफ्ट डिसिजनचं, म्हणजे प्रत्येक बिटाची खात्री किती तेही विचारात घेणारं, एरर करेक्शन आल्यावर पारडं पायलटकडे झुकलं आणि ते योग्यच होतं.

16-क्यूएएम या फेजसोबत तीव्रताही बदलणाऱ्या सोळा बिंदूंच्या मॉड्युलेशनमध्ये सगळेच बिंदू चौथ्या घाताला एका जागी येत नाहीत. म्हणून अनेक कोन फिरवून पाहायचे आणि बिंदू आपापल्या जागी सर्वांत जवळ बसवणारा कोन निवडायचा, अशी आंधळी शोधपद्धत 2009 च्या सुमारास पुढे आली. 2020 मध्ये ठरलेल्या 400 गिगाबिटच्या प्लगेबल मॉड्यूलच्या मानकात 16-क्यूएएम आहे, पायलटही आहेत.