२ चा ६७ वा घात, उणे १

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट, असा पूर्ण पट भरायचा. असे आठ पट भरून वर आणखी सात दाणे ठेवले की ही २१ अंकी संख्या होते. थोडक्यात, २ चा ६७ वा घात उणे १.

१६४४ साली फ्रेंच मठवासी मारँ मर्सेन यांनी एक यादी छापली. २ च्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या उरते असे २५७ पर्यंतचे घातांक कोणते, तर २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. पुरावा दिला नव्हता. अशा प्रत्येक मूळ संख्येतून ६ किंवा २८ सारखी एक परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीज बाकी सर्व विभाजकांची बेरीज स्वतःएवढीच असलेली) तयार होते हे युक्लिडच्या काळापासून माहीत होते, त्यामुळे यादीला मोठे वजन आले. पुढे कळले की ६१, ८९, १०७ हे घातांक तिच्यातून सुटले होते आणि ६७ व २५७ चुकून आत आले होते.

पण ६७ चुकीचा आहे हे ठरवायचे कसे? सरळ भागून पाहायचे तर सुमारे १,२०० कोटींपर्यंतच्या, म्हणजे पन्नास कोटींहून जास्त मूळ संख्या तपासाव्या लागतात. विभाजक असलाच तर १३४ च्या पटीत १ मिळवून होणाराच असणार, हे फर्मा यांच्या १६४० च्या नियमावरून कळते. चाळणी बारीक झाली, तरी काम माणसाच्या आवाक्याबाहेरच राहिले.

१८७६ मध्ये एद्वार ल्यूका यांनी वेगळाच रस्ता काढला. तो पुढे लेमर यांनी सुटसुटीत केला: ४ पासून सुरुवात, वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. ६७ साठी हे ६५ वेळा. शेवटी शून्य आले तरच संख्या मूळ. ल्यूका यांनी याच विचाराने ६७ ची संख्या संयुक्त ठरवली, एकही विभाजक हाती न लागता! मला या साऱ्या इतिहासात हाच क्षण सर्वांत विलक्षण वाटतो. संख्या फुटते हे निश्चित, पण कुठे फुटते याचा पत्ता नाही.

तो पत्ता लागायला २७ वर्षे गेली. ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल यांनी तो मांडला: १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७. ते एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार करत गेले, असे सांगितले जाते. हा गुणाकार कागदावर कुणालाही पडताळता येतो. उलट दिशेने जायला मात्र कोल यांना वर्षे लागली.

१९७७ ची आरएसए ही गुप्तलेखनाची पद्धत याच विषमतेवर उभी आहे. आणि १८७६ ची ती स्थिती आजही आहे: २ चा १२७७ वा घात उणे १ ही ३८५ अंकी संख्या संयुक्त आहे हे सिद्ध झाले आहे, तिचा एकही विभाजक मात्र अजून सापडलेला नाही.