अर्ध्या भिंतीच्या अलीकडे की पलीकडे?

गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असलेल्या बाईचा एमआरआय रिपोर्ट हातात आला की सर्जनची नजर आधी एक ओळ शोधते. मायोमेट्रियल इन्व्हेजन, म्हणजे गाठ गर्भाशयाच्या स्नायूंच्या भिंतीत किती खोल शिरली: पन्नास टक्क्यांहून कमी, की जास्त? बाकीचं पान नंतर.

नातेवाइकांचा इथे बहुतेकदा एक गैरसमज असतो. ‘एमआरआयमध्ये कॅन्सर निघाला’ असं सर्रास बोललं जातं. खरं तर कॅन्सर आहे की नाही, हे एमआरआय ठरवत नाही. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर आधी योनीमार्गातून सोनोग्राफी करतात. अस्तर 4 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल तर कॅन्सरची शक्यता फारच कमी असते. जाड असेल, किंवा पातळ असूनही रक्त जातच राहिलं, तर अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवतात. निदान त्या तुकड्यावर होतं. (असं रक्त गेलेल्या दहातल्या साधारण नऊ जणींना कॅन्सर नसतोच. पण म्हणून तपासणी टाळायची नसते.)

मात्र तुकडा फक्त ‘काय आहे’ ते सांगतो, कुठवर गेलंय ते नाही. गर्भाशय म्हणजे जाड स्नायूंच्या भिंतीची पिशवी, आतून अस्तर लावलेली. गाठ अस्तरात उगवते आणि भिंतीत शिरू लागते. ती अर्ध्या भिंतीच्या पलीकडे गेली की लसिका ग्रंथींपर्यंत, म्हणजे लिम्फ नोडपर्यंत, कॅन्सर पोचलेला असण्याची शक्यता बरीच वाढते. ऑपरेशन किती मोठं करायचं, याचा अंदाज सर्जनला टेबलावर जाण्याआधी हवा असतो.

एमआरआयचं यंत्र शरीरातल्या हायड्रोजनचे, म्हणजे मुख्यतः पाण्याचे आणि चरबीचे, संकेत टिपतं. त्यात क्ष-किरण नसतात. टी-टू नावाच्या चित्रात गर्भाशयाचे थर सुरेख वेगळे दिसतात: मधे पांढरं अस्तर, त्याला लागून एक काळी पट्टी, बाहेर करडा स्नायू. गाठ अस्तराहून मळकट आणि पट्टीहून उजळ दिसते. पट्टी अखंड असेल तर गाठ बहुधा अस्तरातच आहे. पट्टी तुटली असेल तर गाठ भिंतीत शिरली. अडचण अशी, की पाळी गेल्यावर ही पट्टी पुसट होते आणि हा आजार होतो तो बहुतांशी त्याच वयात.

मग मदतीला येतं डिफ्युजनचं चित्र. मला ही युक्ती फार आवडते. पाण्याचे रेणू सतत इकडेतिकडे भटकत असतात. यंत्र चुंबकीय क्षेत्राचा एक झटका देऊन त्यांच्यावर खूण करतं आणि क्षणभराने उलट झटका देऊन ती पुसतं. जागच्या जागी राहिलेल्या रेणूंची खूण नीट पुसली जाते आणि त्यांचा संकेत शाबूत राहतो. भटकून दूर गेलेल्यांचा हिशेब जुळत नाही, संकेत विरतो. गाठीत पेशी खेटून बसलेल्या असतात, पाण्याला हलायला जागा नसते, म्हणून गाठ चमकते. पण कधीकधी साधं पाणीही या चित्रात चमकतं, त्यामुळे चमक दिसली म्हणून लगेच विश्वास ठेवत नाहीत. सोबत पाणी किती मोकळं हलतंय ते दाखवणारा एडीसी नावाचा नकाशा काढतात. एकीकडे पांढरं आणि त्याच जागी नकाशात काळं, तरच रेणू खरोखर अडकलेत.

शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देऊनही चित्रं घेतात. साधारण दोन-अडीच मिनिटांनी स्नायू उजळतो, गाठ मागे राहते आणि दोघांमधली कड स्पष्ट होते.

यात कोनाला फार महत्त्व आहे. बांबू तिरका कापला की त्याची भिंत आहे त्याहून जाड दिसते. गर्भाशयाचंही तसंच. कुणाचं पुढे झुकलेलं, कुणाचं मागे, म्हणून पहिली चित्रं पाहून टेक्निशियनला पोकळीच्या बरोबर काटकोनात काप लावावे लागतात. आतड्यांच्या हालचालीने चित्र हलू नये म्हणून काही तास उपाशी ठेवतात, बऱ्याच ठिकाणी आतडी शांत करणारं इंजेक्शनही देतात.

मग मोजणी. पोकळीत लोंबणारा गाठीचा भाग मोजायचा नसतो. भिंतीची आतली कड जिथे असायला हवी तिथे मनातल्या मनात रेघ ओढून तिथून पुढे मोजायचं. भिंत 14 मिलिमीटर आणि गाठ 5 मिलिमीटर आत, तर अर्ध्याच्या आत. ऐकायला सोपं आहे. पण भिंतीत फायब्रॉइड (स्नायूच्या साध्या गाठी) असतील, ॲडिनोमायोसिस (अस्तरासारख्या पेशी भिंतीत वाढणं) असेल, किंवा मोठ्या गाठीने भिंत ताणून कागदासारखी पातळ केली असेल, तर ‘अर्धं’ नेमकं कुठे, यावर दोन अनुभवी डॉक्टरांचंही एकमत होत नाही. लसिका ग्रंथींच्या बाबतीत तर एमआरआय मुख्यतः आकारावरच विसंबतो, त्यामुळे लहानशा ग्रंथीतल्या मूठभर कॅन्सरपेशी त्याला दिसत नाहीत.

ऑपरेशन झालं की पॅथॉलॉजिस्ट गर्भाशय कापून खोली पुन्हा मोजतो आणि त्याचाच शब्द शेवटचा. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2023 मध्ये स्टेज ठरवण्याचे नियम बदलले, पेशींचा प्रकार आणि रेणवीय चाचण्याही (गाठीच्या जनुकांतले बदल तपासणाऱ्या) त्यात आणल्या. अर्ध्या भिंतीची रेघ मात्र ठेवली.

एका परिस्थितीत मात्र ही फेरमोजणी होत नाही. बाई तरुण आहे, तिला मूल हवंय, गाठ कॅन्सरचीच, पण कमी आक्रमक जातीची आहे. अशा वेळी पिशवी न काढता हार्मोनची औषधं देऊन बघता येतं, पण गाठ भिंतीत अजिबात शिरलेली नसेल तरच. इथे अर्ध्याचा प्रश्नच नाही, मिलिमीटरभर शिरकावही चालत नाही. पुढे दर काही महिन्यांनी तुकडा तपासतात, पण तो अस्तराचा असतो. भिंत कापून बघायची सोय नसते, तिची खबर फक्त चित्रातूनच मिळते.