ड्रॅग कारचा क्रॉस: कप जागेवर कसा धरून ठेवायचा

मागच्या चाकांवर चालणाऱ्या ड्रॅग कारमध्ये, म्हणजे सरळ रेषेत छोटं अंतर कापायच्या शर्यतीच्या गाडीत, इंजिनाचा सगळा जोर चाकांपर्यंत पोहोचताना दोन क्रॉसमधून जातो. एक गिअरबॉक्सच्या शेपटाशी असतो, दुसरा मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शियलच्या तोंडाशी, आणि दोघांच्या मध्ये लांब फिरता शाफ्ट. क्रॉस म्हणजे अधिक चिन्हाच्या आकाराची पोलादी फुली. तिच्या चार टोकांवर चार कप बसतात आणि कपांच्या आत बारीक सुयांची बेअरिंग असते. आपल्याकडे ट्रक आणि जीपखाली दिसतो तोच हा भाग. फरक आहे तो त्याच्यावर येणाऱ्या भाराचा, आणि हा भार येतो एका झटक्यात.

थोडा हिशेब करू. इंजिन ८०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देतं असं धरा. सुटतानाच्या क्षणी टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधली तेलावर चालणारी जोडणी) तो साधारण दुप्पट करतो. टीएच-४०० गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.४८ चा. म्हणजे शाफ्टवर जवळजवळ ४,००० न्यूटन-मीटर आले. ड्रॅगवाल्यांच्या आवडत्या १३५० मालिकेचा (हे क्रॉसच्या मापाचं नाव) क्रॉस कपासकट ९२ मिमी रुंद असतो. समोरासमोरच्या दोन कपांवरचा जोर एकमेकांपासून सुमारे ७५ मिमी अंतरावर पडतो असं मानलं, तर एकेका कपावर पाच टनांहून जास्त दाब येतो. लहान १३१० मालिकेचा क्रॉस ८२ मिमीचा, त्याचे कपही बारीक. चिकट, बिननक्षीचे स्लिक टायर लावलेल्या जड, ताकदवान गाडीत तो ठेवण्यात अर्थ नाही.

आता हा दाब कुठल्या दिशेने येतो ते बघा, कारण सगळी गोम तिथेच आहे. कप ज्यात बसतात त्या दुबेळक्याच्या आकाराच्या भागाला योक म्हणतात. गिअरबॉक्सकडच्या योकला पूर्ण गोल भोकं असतात. कप चारी बाजूंनी वेढलेला, आतून किंवा बाहेरून सर्क्लिप (खोबणीत बसणारी स्प्रिंगची कडी) लावलेली, त्यामुळे तिथे फारशी चिंता नसते. डिफरन्शियलच्या पिनियनवरच्या (जोर आत नेणाऱ्या छोट्या गिअरवरच्या) योकला मात्र बहुतेक गाड्यांत अर्धगोल खाच असते. कपाचा अर्धा भाग खाचेत आणि उरलेला अर्धा यू-बोल्टच्या किंवा पट्टीच्या कवेत. टॉर्कचा दाब कपाला आडवा ढकलतो, म्हणजे नेमका खाचेच्या काठाकडे, जिथे योकचं लोखंड संपतं. तिथून कप काठावर चढून बाहेर पडायला बघतो. यू-बोल्टचं खरं काम त्याला खाचेत दाबून ठेवणं हे आहे. टॉर्क वाहून न्यायचा तो खाचेने.

दुसरा जोर बाहेरच्या दिशेने असतो. टॉप गिअरमध्ये शाफ्ट इंजिनाच्याच वेगाने फिरतो. ७,५०० आरपीएमला, मध्यापासून ४० मिमीवर असलेला ६० ग्रॅमचा कप सुमारे १५० किलोच्या जोराने बाहेर पळू पाहतो. त्याला अडवतात योकच्या टोकावरचे दोन छोटे कान. हे कान झिजलेले किंवा तडकलेले असतील तर योक बदलावा. तिथे वेल्डिंगचा टाका मारून भागवणारे लोक आहेत. त्या उष्णतेने कपाचं कडक पोलाद नरम पडतं आणि शेजारचं रबरी सील जळतं, म्हणून हा उपाय आम्हाला अजिबात मान्य नाही.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते मात्र यू-बोल्ट हाताच्या अंदाजाने हवा त्यापेक्षा जास्त आवळल्यामुळे. कपाची भिंत पातळ असते. जोर जास्त झाला की कप किंचित लंबगोल होतो, आतल्या सुया अडकतात, आणि थोड्याच रनमध्ये (शर्यतीच्या धावांमध्ये) फुलीच्या टोकांवर सुयांच्या आकाराच्या समांतर खोबणी उमटतात. क्रॉस खोलल्यावर अशा रेघा दिसल्या तर दोष बहुतेक वेळा पान्याचा किंवा कोनाचा असतो. १३१० मालिकेच्या ५/१६ इंची यू-बोल्टच्या नटांना १९ ते २३ न्यूटन-मीटर आणि १३५० च्या ३/८ इंची नटांना २७ ते ३३ न्यूटन-मीटर एवढंच पुरतं. हे आकडे पाहून अनेकांना ते फार कमी वाटतात, पण ते पाळायचे, आणि आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्यानेच पाळायचे. दोन्ही नट एकाआड एक, थोडे थोडे आवळावेत. पट्टी असेल तर तिचे बोल्ट एकदा काढल्यावर पुन्हा वापरू नयेत.

ताकद बरीच असेल तर यू-बोल्ट सोडून जाड पोलादी अर्धगोल टोपण्यांचा पिनियन योक घ्यावा. टोपण कपाला अर्ध्या परिघावर सारखं धरतं, त्यामुळे जास्त आवळूनही कपाचा आकार सहज बिघडत नाही. त्याच्या बोल्टचा आकडा योकच्या निर्मात्याचाच घ्यायचा.

जोडणीत चुका होतात त्या अशा. जुना कप काढल्यावर खाच कापडाने पुसावी, काठावर खरखर असेल तर बारीक कानशीने काढावी. गंजाचा एक कण जरी कपाखाली राहिला तरी पहिल्याच रनला तो चिरडतो आणि यू-बोल्ट सैल पडतो. नवे कप योकमध्ये दाबताना फुली आतून कपाच्या तोंडात धरून ठेवावी, नाहीतर एखादी सुई आडवी पडते. ओळख सोपी आहे: कप दीड-दोन मिलिमीटर बाहेर राहतो आणि सर्क्लिप खोबणीत बसत नाही. अशा वेळी हातोडीने ठोकू नये, कप काढून सुया पुन्हा लावाव्यात. सर्क्लिपा बसल्यावर योकच्या भोकाजवळच्या बाहेरच्या बाजूवर पितळी हातोडीने हलके ठोके दिले की कप बाहेर सरकून सर्क्लिपला टेकतो आणि फुली मोकळी होते. ती बोटांनी फिरली पाहिजे, पण हाताला खेळ जाणवता कामा नये.

ग्रीस निपलवाला (ग्रीस भरायचं तोंड असलेला) क्रॉस की बिननिपलचा? ड्रॅगसाठी बिननिपलचाच. निपलसाठी फुली आतून पोकळ केलेली असते आणि तडा तिथूनच सुरू होतो.

कोनाकडेही लक्ष हवं. सुटताना मागच्या अ‍ॅक्सलवर उलटा पीळ येतो आणि पिनियनचं नाक वर उठतं. म्हणून गाडी उभी असताना ते मुद्दाम खाली ठेवतात: अ‍ॅक्सल दांड्यांनी धरलेला (लॅडर बार किंवा फोर-लिंक) असेल तर १ ते २ अंश, पाट्यांची स्प्रिंग असेल तर ६-७ अंशांपर्यंत, कारण पाटे वाकतात. उद्देश हा, की जोर असताना दोन्ही क्रॉसचे कोन जवळजवळ सारखे आणि लहान असावेत. अगदी शून्य कोनही नको. अर्धा-एक अंश असेल तर सुया जागा बदलत राहतात आणि एकाच ठिकाणी घाव पडत नाहीत. गाडी तिच्या उंचीवर उभी असताना पुढचा सरकता योक गिअरबॉक्सच्या तळापासून साधारण २५ मिमी बाहेर असावा. तो तळाला टेकला तर शाफ्ट दोन्ही बाजूंनी दाबला जातो आणि पिनियनकडचे कप खाचेतून ढकलले जातात.

एवढं करूनही क्रॉस तुटू शकतो, आणि पुढचा तुटला तर सर्वांत वाईट. शाफ्टचं पुढचं टोक जमिनीत रुततं आणि बांबूउडीच्या खेळाडूप्रमाणे गाडी त्यावरून उचलली जाते. म्हणूनच अमेरिकेतली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्लिक टायरवर पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाड्यांना शाफ्टभोवती लूप, म्हणजे तुटलेला शाफ्ट अडवणारं कडं, सक्तीचा करते. लूप पूर्ण ३६० अंशांचा, पुढच्या क्रॉसपासून ६ इंचांच्या आत. पट्टी किमान १/४ इंच जाड आणि २ इंच रुंद, किंवा ७/८ इंच व्यासाचा, ०.०६५ इंच भिंतीचा वेल्ड केलेला पोलादी पाइप. तो चॅसीला किंवा क्रॉसमेंबरला बांधावा. पातळ फ्लोअरच्या पत्र्याला लावलेला लूप पत्र्यासकट उपटून येतो.

पहिल्या रननंतर नट पुन्हा तपासावेत. नटावरून योकवर रंगाची एक रेघ ओढून ठेवली की नट हलला का, ते एका नजरेत कळतं. कपाच्या तोंडाशी तांबूस भुकटी दिसली तर सुया कोरड्या पडल्या आहेत. कपाशेजारी योकवर नवी चकचकीत पट्टी दिसली तर कप सरकतो आहे. अशा वेळी नुसता नट आवळून भागत नाही, कप काढून खाच बघावी लागते. खाच ताणून रुंद झाली असेल तर नवा क्रॉसही तिथे टिकणार नाही, आधी योक बदलायचा.