लसूण काढायची वेळ पात सांगते

टोमॅटो लाल झाला की तोडावा, हे कुणाला शिकवावं लागत नाही. लसूण मात्र सगळी करामत मातीखाली करतो, म्हणून तो काढायचा कधी, हा घरच्या बागेत हमखास पडणारा प्रश्न. उत्तर पातीत असतं, कारण लसणाचा गड्डा हा मुळात पानांचाच बनलेला असतो.

लसणाचं खरं खोड म्हणजे गड्ड्याच्या बुडाची ती कठीण चकती, जिच्यातून मुळं फुटतात. वर खोडासारखं जे दिसतं, ती पानांच्या तळांची गुंडाळी. हेच तळ पुढे सुकून गड्ड्यावरचे कागदी पापुद्रे होतात. म्हणजे एक पान, एक पापुद्रा. पाकळ्या या पानांच्या बेचक्यात आलेल्या कळ्या, आणि त्यांचा खायचा भाग म्हणजे अन्न साठवून फुगलेलं एक पान.

पान वाळलं की त्याचा पापुद्राही ओल्या मातीत कुजू लागतो. कांद्यासारखी सगळी पात माना टाकेपर्यंत थांबलात, तर आवरण नसलेल्या, सुट्या झालेल्या पाकळ्या हाती येतात आणि त्या टिकत नाहीत. घाई केली तर पाकळ्या भरलेल्या नसतात. खालची एक तृतीयांश ते निम्मी पानं वाळलेली आणि वरची पाच-सहा हिरवी, हा मुहूर्त. त्याआधी आठ-पंधरा दिवस पाणी तोडायचं.

गड्डा केव्हा धरायचा हे लसूण दोन खुणांवरून ठरवतो: आधी काही आठवडे साधारण १० अंश सेल्सिअसखालची थंडी, मग वाढत जाणारा दिवस आणि ऊब. एकदा गड्डा भरू लागला की नवी पानं येणं जवळजवळ थांबतं. तोवर जेवढी पानं आली, तेवढ्याच भांडवलावर गड्डा पोसतो. म्हणून लागवड उशिरा झाली की गड्डे लहान राहतात, मग खत कितीही घाला. उशिरा दिलेलं नत्र तर फक्त पात माजवतं.

थंडी पुरेशी मिळालीच नाही, तर पाकळ्या न पडता एकच गोल गाठ तयार होते. उबदार हवेत म्हणूनच बियाण्याचा लसूण आधी काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवतात. खायचा लसूण फ्रिजमध्ये का ठेवू नये, याचं कारणही हेच: थंडी मिळाली की त्याला कोंब फुटायची घाई होते.

लावणं सोपं आहे. गड्ड्यातली सर्वांत मोठी पाकळी, न सोलता, टोक वर करून, ४-५ सेंटिमीटर खोल, दोन पाकळ्यांत १०-१५ सेंटिमीटर अंतर. बी पेरायचा प्रश्नच नाही. लागवडीतल्या लसणाला सहसा बी धरत नाही, त्यामुळे प्रत्येक रोप हे आधीच्या गड्ड्याचं क्लोन असतं, आणि त्याच्यातले विषाणूही पाकळीबरोबर पुढे येतात. काही जातींना मधोमध फुलाचा दांडा येतो. तो खुडला की गड्ड्याला जास्त अन्न मिळतं. दांडा भाजीत चांगला लागतो, हा वरचा फायदा.

काढलेला लसूण धुऊ नये. पातीसकट सावलीत, हवेशीर जागी दोन ते चार आठवडे टांगावा. मान पूर्ण सुकली की पात कापावी.

वाफ्याचं पुढे काय, हेही महत्त्वाचं. पांढरी कुज या रोगाच्या बुरशीचे खसखशीएवढे काळे गोळे मातीत २० वर्षांहून जास्त काळ निपचित पडून राहू शकतात. त्यांना जाग येते ती लसूण-कांद्याच्या मुळांतून झिरपणाऱ्या गंधकयुक्त पदार्थांनी. आपल्याला आवडणाऱ्या वासाचेच हे भाईबंद. रोग नसेल तरी त्याच वाफ्यात काही वर्षं लसूण, कांदा घेऊ नये. शास्त्रज्ञांनी मात्र हाच वास उलटा वापरून पाहिला आहे: माती योग्य तितकी थंड-ओली असताना रिकाम्या शेतात असा पदार्थ सोडायचा. बुरशी जागी होते, तिला मूळ सापडत नाही आणि ती साठा संपून मरते.