एसएसबीतलं जीडी आणि जीपीई : चर्चा दोन, खेळ वेगळे

सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीची एनडीए किंवा सीडीएसची लेखी परीक्षा पास झाली की एसएसबीचं, म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड या निवड मंडळाचं बोलावणं येतं. पाच दिवसांचा मुक्काम असतो. पहिल्या दिवशीच्या स्क्रीनिंगमध्ये टिकलात, तर पुढे मानसशास्त्राच्या चाचण्या, मुलाखत आणि ज्याच्या गप्पा सगळ्यात जास्त रंगतात ते ग्राउंड, म्हणजे जीटीओ (ग्रुप टेस्टिंग ऑफिसर) घेतो त्या गटाच्या चाचण्या. ग्राउंडची सुरुवात बसूनच होते. आधी ग्रुप डिस्कशन (जीडी), त्यानंतर ग्रुप प्लॅनिंग एक्सरसाइज (जीपीई). तीच आठ-दहा मुलं, तेच चेस्ट नंबर आणि बाजूला बसून टिपणं घेणारा तोच अधिकारी. त्यामुळे जीडीत बसलेला सूर मुलं जीपीईतही लावतात आणि तिथेच घसरतात.

जीडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चालू घडामोडींवरचा एखादा विषय मिळतो, साधारण वीस मिनिटं गट आपसात बोलतो. मग दुसरा विषय. निष्कर्ष काढायचा नसतो. जीटीओ वेळ संपली म्हणतो आणि चर्चा अर्ध्यावर थांबते, त्यात कुणाचंही नुकसान नाही. तरीही कुणीतरी शेवटच्या मिनिटाला ‘तर आपलं सगळ्यांचं एकमत झालं की…’ असं सुरू करतोच. ही एमबीएच्या क्लासची सवय. इथे तिचा उपयोग शून्य, आणि ज्याचं एकमत झालेलं नसतं तो लगेच खोडून काढतो, ते वेगळंच. इथे पाहतात ते एवढंच : तुमच्याकडे मुद्दा आहे का, दुसऱ्याचा ऐकून तो पुढे नेता का, गप्प बसलेल्याला वाट देता का.

जीपीईत मात्र उत्तर द्यावंच लागतं. समोर एका भागाचं मॉडेल असतं : नदी, पूल, रेल्वेमार्ग, जंगल, गाव. जीटीओ त्यावर गोष्ट सांगतो. मग तीच गोष्ट लिहिलेलं कार्ड वाचायला पाच मिनिटं आणि स्वतःचा प्लॅन लिहायला दहा. कागद गोळा होतात, आणि त्यानंतर सुमारे वीस मिनिटांत गटाने एकच प्लॅन ठरवायचा. शेवटी गटातला एक जण पॉइंटर घेऊन तो मांडतो.

एक नमुना बघा. वाजलेत ४:१०. रुळांच्या फिशप्लेट (दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्या) कुणीतरी काढल्यात आणि ५ वाजता तिथून पॅसेंजर जाणार. स्टेशन कच्च्या रस्त्याने १२ किलोमीटर. गावात एका मुलाला साप चावलाय, आरोग्य केंद्र ८ किलोमीटरवर, पण उलट्या दिशेला. जीप एकच, तिचा वेग ताशी ३०. ‘आधी मुलाला सोडू, मग स्टेशन’ हे ऐकायला बरं वाटतं. हिशेब करा : जायला १६ मिनिटं, परत यायला १६, पुढे स्टेशनला २४. झाली ५६. हाताशी आहेत ५०. म्हणजे जीप थेट स्टेशनकडे. गावातल्या ट्रॅक्टरचा वेग ताशी १५ धरला, तर मुलगा ३२ मिनिटांत केंद्रावर पोहोचतो. आणखी दोघं लाल कापड घेऊन, गाडी ज्या बाजूने येणार त्या बाजूला रुळांच्या कडेने पळतील, जीप वाटेत अडकलीच तर म्हणून.

जीडीच्या तोऱ्यात असलेला गट इथे रेल्वेच्या सुरक्षेवर पाच मिनिटं घालवतो. मुद्दे चोख असतात, पण गाडी काही थांबत नाही. दुसरी चूक हट्टाची. स्वतःचा कागद देऊन टाकलेला असतो, त्यामुळे तो गटावर लादायची गरज नसते. तुम्ही काय लिहिलंत ते जीटीओ वाचणारच आहे. दुसऱ्याचा मार्ग चार मिनिटं वाचवत असेल, तर तो घ्या आणि त्यातलं एखादं काम अंगावर घ्या. मात्र कुणी जोरात बोलला म्हणून बरोबर हिशेब सोडून देणं, हेही कागद आणि बोलणं ताडून पाहिलं की लगेच दिसतं.

मराठी माध्यमातल्या मुलांना दोन्हींची सारखीच धास्ती असते. माझ्या मते जीपीई त्यांना जास्त सोयीची. वाक्यं लहान, बोट मॉडेलवर : दोन माणसं, जीप, स्टेशन, २४ मिनिटं. इंग्रजी तोडकं असलं तरी चालून जातं.

प्लॅन मांडायला दुसऱ्याची निवड झाली म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही. तो एखादं काम विसरला, तर गटातर्फे ते जोडलं जाईल, एवढ्याकडे लक्ष असू द्या.